अंधारखोलीतला तांबडा दिवा

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा, विजूचा, फोन आला. त्याने एक जुना पिकअप ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर राहायची खोली बांधून घेतली आहे. बिछाना, शेगडी, एवढासा फ्रिज, पंखा, सगळं आहे तीत. हल्ली याला कॅम्पर म्हणतात आणि लोक हौसेने त्यात राहतात. आम्ही नाइलाजाने राहायचो आणि त्याला नुसतं 'खोली' म्हणायचो. विजू म्हणाला, "आत्या, दोन दिवस गाडी उभी केली की ट्रकची बॅटरी उतरायलीय. खोलीची येगळी बॅटरी हाय, तरीबी. तीन मेकॅनिक झाले. तुला कळतंय म्हणून इचारायलाव." मी त्याला म्हटलं, गाडी घेऊन ये, बघू. फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. गुडघे दुखतात म्हणून बसले असं सुनेला वाटलं आणि मीही तिला तसंच वाटू दिलं.

आमच्या अप्पांचा फिरता फोटो स्टुडिओ होता. गाव निर्णा, पण वर्षातले आठ महिने आम्ही गावाबाहेर. हुमनाबादची जत्रा झाली की पुढची, ती झाली की त्याच्या पुढची, आणि दर मोठ्या पौर्णिमेला गाणगापूर. लिलावात घेतलेला एक जुना ट्रक होता. त्याच्या पाठीवर अप्पांनी सुताराकडून लाकडाची आणि पत्र्याची खोली करून घेतली होती. खोलीचे दोन भाग. पुढच्या भागात आमचा संसार: एक बाक, त्याखाली धान्याचे डबे, वर झोळीत धाकटा भाऊ, कोपऱ्यात स्टो. मागचा भाग म्हणजे अंधारखोली. तिथे अप्पा फोटो धुवायचे. दाराला आतून काळं कापड, फळ्यांवर औषधांचे कॅन, आणि वर एक तांबडा बल्ब, कारण तांबड्या उजेडात कागद खराब होत नाही. फोटोच्या औषधाचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, केसांना, आणि आईने, म्हणजे अव्वाने, कितीही झाकून ठेवली तरी भाकरीलासुद्धा यायचा. शाळेत मुली मला नाक दाबून चिडवायच्या. पुढे शाळाच सुटली, तेव्हा चिडवणंही सुटलं.

घरी असलो की सकाळी मी उठायचे ती अव्वाच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. अव्वा जत्रेच्या आधी घरी दोन दिवस बसून कडक भाकऱ्या करून ठेवायची, फडक्यात बांधून, पंधरा दिवस टिकायच्या. त्या शेंगांच्या चटणीबरोबर कडाकडा मोडून खायच्या. ताजी भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी म्हणजे चैन. दिवसभर कर्ण्यावरची गाणी, पाळण्याची करकर, आणि मधून अप्पांचा आवाज: "हालू नगा, हालू नगा, श्वास धरा!" त्यांच्यामागे कारंजं आणि जिना रंगवलेला पडदा असायचा. त्यांच्याकडे एक मनगटी घड्याळ आणि एक काळा चष्मा होता, फोटोपुरता वापरायला. बंद घड्याळ बांधून हात छातीशी धरलेली किती माणसं मी दोरीवर वाळत घातली आहेत! एका दोरीवर ओले फोटो, दुसरीवर आमचे परकर आणि भावाची दुपटी. पाऊस आला की दोन्हींकडे एकदमच धावायचं. तेव्हा ते सगळं त्रासाचं वाटायचं, आता आठवलं तरी दमायला होतं.

गाडी चालवायला शरणूमामा होते, अव्वाचे धाकटे भाऊ. चिंताकीचे. अठ्ठावीस-तिशीचे, अंगाने किडकिडीत, हातात जादू असलेला माणूस. गाडीतलं, पंप-मोटारीतलं, रेडिओतलं, काहीही त्यांच्या हाती द्या, बोलतं व्हायचं. पण दारू प्यायचे. एकदा प्यायलेले असताना गाडी रस्त्याखालच्या शेतात उतरवली होती आणि आम्ही सगळे आत होतो. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी अप्पांनी त्यांना सांगितलं की पुन्हा थेंब जरी घेतलास तर माझी-तुझी वाट वेगळी. मामांनी सोडली. खरोखर सोडली. हात थरथरायचे, जेवण जायचं नाही, चिडचिड करायचे, पण सोडली. अप्पांनी मात्र त्यांच्यावरचा डोळा काढला नाही. मामा सकाळी समोर आले की अप्पा बोलता बोलता उगीच एक पाऊल जवळ सरकायचे, ते वास घेण्यासाठी, हे मला कळायचं आणि मामांनाही कळायचं.

आता त्या बॅटऱ्यांचं सांगते. ट्रकची एक बॅटरी, इंजिन सुरू करायला. खोलीची दुसरी, दिवे आणि पंख्याला. दोन्ही एका जाड तारेने जोडलेल्या, म्हणजे गाडी चालली की खोलीची बॅटरीही भरायची. त्या तारेच्या मध्ये, खोलीच्या पुढच्या भिंतीला, लाकडी पाटीवर एक मोठा खटका होता. नियम एकच: गाडी थांबली की ड्रायव्हरने खटका खाली ओढायचा. मग खोलीने काय खायचं ते स्वतःच्या बॅटरीतून खावं, ट्रकच्या बॅटरीला हात लावू नये. खटका ओढायचा विसरलं की पाच दिवसांच्या जत्रेत खोली दोन्ही बॅटऱ्या खाऊन टाकणार आणि सहाव्या दिवशी गाडी जागची हलणार नाही. हे सगळं मामांनीच बसवलं होतं आणि मामांनीच मला शिकवलं होतं. मी सतरा वर्षांची, हातात पाना घेऊन त्यांच्या शेजारी बसणारी. अव्वा म्हणायची, हिला कोण करून घेणार. मामा म्हणायचे, "करून घेईल की अक्का, ज्याची गाडी बंद पडंल तो."

त्या वर्षी गाडी बंद पडायला लागली. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे हसले. जत्रेतली माणसं जमली, "हैय्या, हैय्या" करून ढकललं, गाडी फुरफुरून सुरू झाली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा अप्पा हसले नाहीत. मामांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "खटका मी वडलो हुतो दाजी. पोरीला इचारा." मीही पाहिलं होतं, ओढला होता. पण अप्पांचं म्हणणं, तेव्हा ओढला असशील, मागून कधी केबिनमध्ये बसून रेडिओ लावायला वर केला असशील. मामांनी केबिनमधला रेडिओ काढून अप्पांच्या हातात दिला. तिसऱ्यांदा गाडी पुन्हा बंद पडली. हुमनाबादच्या बॅटरीवाल्याने काचेची नळी घालून पाणी मोजलं आणि सांगितलं की बॅटऱ्या चांगल्या आहेत, तुमच्याकडंच कुणीतरी खायलंय. तो सहज बोलून गेला, पण अप्पांनी ते मामांकडे बघत ऐकलं.

मामा हट्टाला पेटले. जत्रेच्या रिकाम्या दुपारी ते गाडीखाली आडवे व्हायचे आणि मी दिवा धरायची. त्यांनी मला टेस्ट लॅम्प करून दिला: एक बल्ब, दोन तारा, बस्स. "हे बघ गौरे," ते म्हणाले, "समदं बंद कर. खटका खाली. मग बॅटरीची एक तार काढ आन् मधी ह्यो बल्ब लाव. बल्ब पेटला न्हाई तर घरात चोर न्हाई. पेटला तर हाय. मग येकयेक तार काढत जा. जी तार काढल्यावर बल्ब इझतो, तिच्या मागं चोर." इतकं सोपं मला कुणी कधी काही सांगितलं नाही, पुढे आयटीआयमध्येसुद्धा नाही. त्या तारांची फुकटची परीक्षा मी किती वेळा पास झाले. मामांनी हेडलाइट तपासले, हॉर्न तपासला, डायनमो तपासला. चोर सापडेना.

मग एका दुपारी मीच एकटी होते. मामा पाणी आणायला गेले होते, अप्पा देवळाच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन, अव्वा कपडे धुवायला विहिरीवर. म्हटलं, आज पहिल्यापासून करू. खटका खाली होताच. खोलीच्या बॅटरीच्या दोन्ही तारा काढून टाकल्या, म्हणजे खोली पुरती मेली. मग ट्रकच्या बॅटरीची तार काढली आणि मध्ये टेस्ट लॅम्प लावला. बल्ब मंद पेटला. मी हेडलाइटची तार काढली, हॉर्नची काढली, जे हाताला लागलं ते काढलं. बल्ब मंद पेटलेलाच. पेचकस हवा होता, तो अंधारखोलीत असायचा. काळं कापड सारून आत गेले. खोलीची बॅटरी सुटलेली, वरचा बल्ब विझलेला, आत मिट्ट काळोख असायला हवा होता. तो नव्हता. सगळ्यात वरच्या फळीवर, कॅनच्या मागे, तांबूस उजेड होता.

मी एका खोक्यावर चढले आणि कॅन बाजूला केले. एक भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात गाडीच्या इंडिकेटरला लावतात तसला तांबडा छोटा बल्ब, आणि त्याच्यासमोर कुंकू लावलेला गाणगापूरच्या दत्ताचा फोटो. फोटोला दोन सुकलेली फुलं. अप्पा रोज त्याच्याखाली उभे राहून काम करायचे. वरचा मोठा तांबडा बल्ब लागलेला असला की हा कुणाला दिसणार? सगळ्या गाडीत तांबडा उजेड लपवायला तेवढी एकच जागा होती आणि अव्वाने ती बरोब्बर शोधली होती. हो, अव्वानेच. मागे वळून बघते तर ती ओल्या कपड्यांचं घमेलं घेऊन दारात उभी.

"इझवू नगंस," एवढंच म्हणाली पहिल्यांदा. मग घमेलं खाली ठेवून बाकावर बसली आणि सांगितलं. मामांनी दारू सोडली त्या आठवड्यात आम्ही गाणगापूरला होतो. अप्पा रांगेतल्या लोकांचे फोटो काढत होते तेव्हा ती गुपचूप देवळात जाऊन आली होती. नवस बोलली होती की शरणू कोरडा राहू दे, वर्षभर तुझ्यापुढे अखंड दिवा ठेवीन. तेलाचा दिवा हलत्या गाडीत कसा राहणार? म्हणून तिथल्याच एका दुकानदाराकडून बल्ब आणि तार जोडून आणली. आधी तार खटक्याच्या खोलीकडच्या स्क्रूला अडकवली होती. पण फोटो धुवून झाले, पंखा फिरला, की खोलीची बॅटरी मंदावायची आणि दिवा डोळे मिटायला लागायचा. एकदा तर पुरता विझता विझता राहिला. तेव्हा तिने स्वतःच, मामांचं बघून बघून शिकलेली, तार दुसऱ्या, म्हणजे ट्रकच्या, बाजूच्या स्क्रूला नेली. "तिकडची बॅटरी कवा मंद हुत न्हाई ना, म्हणून," ती म्हणाली. त्या एका दिव्याने फार काही खाल्लं नसतं. पण रोज, अष्टौप्रहर, गाडी पाच-पाच दिवस एका जागी उभी, आणि जुनी बॅटरी. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि तो जुळला.

हे आमच्या घरात केवढं मोठं होतं ते आज कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. अप्पा बसवण्णांचे. गळ्यात इष्टलिंग, रोज तळहातावर घेऊन पूजा, आणि त्याशिवाय दुसरा देव नाही, देऊळ नाही, नवस नाही, गंडा-दोरा नाही. गाणगापूरला इतकी वर्षं धंदा केला, पण देवळाची पायरी कधी चढले नाहीत. भावाच्या दंडाला शेजारणीने एकदा ताईत बांधला होता तो त्यांनी काही न बोलता दाताने तोडून भीमेत टाकला होता. लिंग बांधलेल्या अव्वाने दत्ताला नवस बोलणं, आणि तोही त्यांच्याच अंधारखोलीत! तरी अव्वा त्यांच्या रागाला भीत नव्हती. ती म्हणाली, "मारू देत. पर ते आधी दिवा इझवतील. आन् दिवा इझला की शरणू परत प्यायला बसतोय बघ. दोन महिने ऱ्हायलेत गौरा. दोनच महिने." मी म्हटलं, "आन् मामांवर आळ यायलाय ते?" ती म्हणाली, "आळ सोसंल त्यो. दारू सोसायची न्हाई त्याला." तिने माझा हात धरून स्वतःच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला. एका देवाची शपथ घालून दुसऱ्या देवाचं गुपित सांभाळायला लावलं मला माझ्या आईने. मी हो म्हटलं.

एक गोष्ट मी तेव्हाही तिला सांगितली नाही आणि पुढे कधीच सांगितली नाही. टेस्ट लॅम्प लावण्यासाठी मी बॅटरीची तार काढली, तेवढे चार क्षण तो दिवा विझलाच होता. विझल्याशिवाय गत्यंतरच नाही, तार सुटली की वीज सुटली. म्हणजे जो अखंड दिवा सांभाळायला मी तोंड बंद ठेवलं, तो माझ्याच हातून आधीच खंडला होता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी बोलले नाही. सतराव्या वर्षी माणूस एकदा गप्प बसला की त्याला वाटतं, आता बोलायची वेळ गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मामा खटक्याची पाटी उघडून बसलेले दिसले. बराच वेळ बसले होते. मी जवळ गेले तर पाटी बंद करून स्क्रू आवळत होते. "बास कर आता गौरे," म्हणाले, "चोर काय सापडत न्हाई. ऱ्हाऊ दे." मला वाटलं, थकले. मला तर सुटल्यासारखंच झालं.

त्याच आठवड्यात पुढची जत्रा संपली. पाचवा दिवस उलटलेला, पाळणेवाले, भांडीवाले निघून गेलेले, काळ्या मातीचं मोकळं रान आणि त्यात आमची एकटी गाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या गावी पडदा लावायचा होता, जागा ठरलेली, नाही पोचलो तर दुसरा फोटोवाला टपलेला. मामांनी किल्ली फिरवली. खर्र, खट. पुन्हा खर्र, खट. मग नुसतं खट. ढकलायला माणसंही उरली नव्हती. भर दुपारी अप्पा, मी, अव्वा आणि दोन गुराखी लावून ढकलत राहिलो, चाकं मातीत रुतत राहिली. अप्पांचा सदरा घामाने चिकटला होता. त्यांनी ढकलणं सोडलं, केबिनपाशी गेले आणि म्हणाले, "खाली उतर शरणप्पा." मामा उतरले. "तोंड दाव."

मामा उभेच राहिले. गुराखी बघत होते. अप्पा म्हणाले, "तोंड उघड म्हणालाव." आणि माझ्या मामांनी, ज्यांनी दहा महिने दारूचा थेंब घेतला नव्हता, दोन गुराख्यांच्या देखत, लहान पोरासारखं तोंड उघडून अप्पांच्या तोंडावर श्वास सोडला. वास येणार कुठून? पण अप्पांचा राग आता वासावर थांबणारा नव्हता. "पिला न्हाईस, मग डोकं कुठं असतंय तुजं? कामून करायलास असं? खटका वडला हुतास का न्हाई, खरं सांग." अव्वाने तोंड उघडलं. मी पाहिलं, शब्द तिच्या ओठापर्यंत आला होता. मामांनी तिच्याकडे बघितलं, जरासं, आणि मान इतकी हळू हलवली की मला वाटलं माशी हाकलली असेल. मग म्हणाले, "न्हाई वडलो दाजी. इसरलो. दर टायमाला मीच इसरायलोय."

अप्पा म्हणाले, "मग जा बाबा. मला झेपत न्हाई आता." ओरडून नाही म्हणाले, थकून म्हणाले, आणि म्हणून ते शेवटचं होतं. मामांनी किल्ली पायरीवर ठेवली, अव्वाच्या पाया पडले. अव्वाने फडक्यात चार कडक भाकऱ्या बांधून दिल्या. ते औरादकडच्या बसच्या रस्त्याला लागले तेव्हा मी गाडीच्या पायरीवर बसून होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. एक. चाळीस वर्षं झाली, ते वाक्य मी अजून रोज बोलते, कुणी ऐकायला नसताना.

संध्याकाळी एका ट्रॅक्टरने ओढून गाडी सुरू करून दिली. अप्पा स्वतः चालवत पुढच्या गावी घेऊन गेले. तिथे पोचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं की हे सोडवता येतं. बाकाखाली एक जुनी, मोडीत काढायची बॅटरी पडून होती. ट्रकला निकामी, पण एवढ्याशा बल्बला ढीग. आधी दिव्याला तिची तार जोडायची, आणि मग ट्रकची तार काढायची. दोन्ही क्षणभर एकत्र, दिवा डोळासुद्धा मिटणार नाही. गाडी चालू असली की खोलीच्या बॅटरीबरोबर तिलाही भरायचं. झालं. इतकी साधी अक्कल मला आठ दिवस आधी सुचायला काय झालं होतं! अप्पा पडदा बांधत होते, अव्वा दारात राखण बसली, आणि मी पाटी उघडली.

पाटीमागे मला वाटलं होतं अव्वाने कशीतरी गुंडाळलेली उघडी तार दिसेल. तसं नव्हतं. तारेला नीट गोल कडी केलेली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी गुंडाळलेली, आणि वर पिवळ्या दोऱ्याची गाठ. तशी गाठ या जगात एकच माणूस मारायचा. म्हणजे त्या दिवशी पाटी उघडून मामांना चोर सापडला होता. सापडल्यावर त्यांनी तो कापला नाही. ठिणगी पडून आग लागू नये आणि दिवा हलून विझू नये म्हणून त्याला पक्कं बांधून ठेवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ऱ्हाऊ दे. मी तोंडावर पदर घेऊन रडले, आवाज न करता, आणि रडत रडतच तार दुसरीकडे जोडली. दिवा विझला नाही.

पाच दिवसांनी निघायची वेळ आली. अप्पा केबिनमध्ये बसले, किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. अप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते म्हणाले, "बघा. त्यो गेला आन् गाडी सुरू हुयाली." अव्वा आत जाऊन भांडी बांधायला लागली. ती गाडी त्या वर्षी पुन्हा कधीच बंद पडली नाही.

अव्वाने वर्ष पुरं केलं आणि पौर्णिमेला गाणगापूरला जाऊन बल्ब नदीत सोडून आली. मामांनी पुन्हा कधी दारू घेतली नाही. चिंताकीला राहिले, मोटारी दुरुस्त केल्या, लग्न केलं, म्हातारे झाले. अव्वा मरेपर्यंत म्हणत राहिली की नवस फळला. अप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले की पोरगा चांगला, पण बेफिकीर. कार्याला, मयताला सगळे भेटायचे, मामा अप्पांच्या पाया पडायचे, अप्पा त्यांना "बरा हाईस का" विचारायचे. पुन्हा गाडीवर बोलवायचं मात्र कधी निघालं नाही. आणि मी? मी पुढे आयटीआय केलं, हुमनाबादला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं, नाव कमावलं. लोक विचारायचे, बाईमाणूस असून हे कुठं शिकलात? मी सांगायची, मामांकडून. पुढचं सांगायची नाही.

तर विजू गाडी घेऊन आला. तपासायला अर्धा तास लागला. दोन बॅटऱ्यांच्या मधला आपोआप तुटणारा खटका चिकटून बसला होता, एवढंच. आता तो माणसाने ओढायचा नसतो, म्हणून माणसावर आळही येत नाही. तो बदलून दिला आणि म्हटलं, विजू, मला चिंताकीला घेऊन चल. त्याच्या त्या थंडगार खोलीत, फ्रिजशेजारी बसून, चाळीस वर्षांनी मी मामांकडे ते एक वाक्य घेऊन गेले.

मामा अंगणात बाजेवर होते. नजर गेलेली, पण हात अजून तसेच. गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, "डिझेल हाय. चांगली हाय." विजू नातवंडांना गाडी दाखवायला गेला. मी मामांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. की मला ठाऊक होतं. तुम्ही गेलात त्याच्या आधीपासून ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. ते ऐकत राहिले, रागावले नाहीत. "मला बी ठाऊक हुतं की," म्हणाले, "अक्काचा दिवा त्यो. कापायचा कसा?" मग जणू बरेच दिवस मनात असलेली एक बारीकशी शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "पर येक सांग गौरे. मी कबूल झालो ते काय म्हणून? मला वाटलं, आठ दिस, लई तर पंधरा दिस. मी गाडीवर न्हाई, खटका दाजींच्याच हातात, आन् तरीबी गाडी बंद पडंल. मग दाजींना आपोआप कळंल की शरणप्पाचा दोष न्हवता. कुणाला काय बोलायबी लागायचं न्हाई. मी इथं पिशवी भरून वाट बघायलो. दाजी बलवतील म्हणून. गाडी कामून बंद पडली न्हाई गं?"

मी त्यांना सांगितलं. बाकाखालची जुनी बॅटरी. आधी नवी तार जोडली, मग जुनी काढली. दिवा विझू दिला नाही.

मामांनी हात पुढे करून चाचपला. माझा हात सापडला तेव्हा त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली, तारेचा जोड पक्का आहे का ते बघतात तशी.

"बराबर केलीस," ते म्हणाले. "मीच शिकिवलो हुतो न्हवं तुला."